कानात शिट्टी बसली आणि भांड्यांचा आवाजही टोचायला लागला, तर पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

मी पुण्यात सहा वर्षं पथकात ताशा वाजवला. ताशा कमरेला बांधलेला, कान त्याच्यापासून जेमतेम हातभर वर, बाजूला अजून तीन ताशे, मागे चाळीसेक ढोल, आणि सराव नदीपात्रात पुलाखाली, म्हणजे गेलेला आवाज परत डोक्यावरच येणार. कानात कापूससुद्धा कोणी घालायचं नाही. शेवटच्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उठले तर डाव्या कानाला दडे बसलेले, आत एक बारीक सलग शिट्टी, आणि आईने ओट्यावर स्टीलचं ताट ठेवलं तर तो आवाज सुई टोचावी तसा कानात गेला. दरवर्षी असं थोडं व्हायचं आणि दोन दिवसात जायचं, म्हणून मी थांबले. यावेळी गेलं नाही.

मी अकरा दिवस थांबले आणि ते अकरा दिवस मला आजही सलतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, म्हणजे तुमचे तरी तसे जाऊ नयेत. मी डॉक्टर नाहीये, चार वर्षं पेशंट आहे, त्यामुळे औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, पण कुठे कधी जायचं, काय विचारायचं, घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे मी नक्की सांगू शकते.

आधी आत काय झालंय ते थोडं समजून घ्या

कानाच्या पडद्याच्या पलीकडे, पार आत, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात बारीक केस असलेल्या पेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. आवाजाने त्या हलतात आणि नसेला सिग्नल देतात. खूप मोठ्या आवाजाने त्या वाकतात, थोडं नुकसान असेल तर काही तासात किंवा दिवसात सावरतात, पण मेल्या तर माणसात परत उगवत नाहीत. उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी सगळ्यात आधी जातात.

आता मेंदूला त्या पट्टीत सिग्नल कमी यायला लागतो. रेडिओ नीट लागत नसेल तर आपण आवाज वाढवतो आणि मग खरखरही वाढते ना, मेंदू तसंच काहीतरी करतो. ही वाढलेली खरखर म्हणजेच कानातली शिट्टी, गुंऽऽ किंवा रातकिडे. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आपल्याकडे कर्णनाद. आणि वाढवलेल्या व्हॉल्यूममुळे साधे आवाजही अंगावर येतात, ते हायपरअक्युसिस. दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतं, मला दोन्ही आहे. हे डोक्यातले भास नाहीत आणि तुम्ही वेडे होत नाही आहात. पहिल्या महिन्यात मला हे वाक्य कोणीतरी सांगायला हवं होतं.

१. पहिले ७२ तास: थांबायचं नाही

मोठ्या आवाजानंतर शिट्टी वाजतेय पण ऐकू नेहमीसारखं येतंय, तर एक दिवस शांत राहून बघा, हेडफोन नाही, पार्टी नाही, गाडी चालवायची तर हेल्मेट काचेसकट घाला. बऱ्याच जणांचं एक-दोन दिवसात उतरतं. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

पण खालच्यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं:

- एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, मग कारण मोठा आवाज असो नाहीतर काहीच नसो
- गरगरतंय, उभं राहता येत नाही, उलट्या
- चेहऱ्याची एक बाजू वाकडी किंवा बधिर
- कानातून रक्त, पाणी, पू
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज

अचानक ऐकू कमी होण्याचा मुद्दा नीट वाचा. आतल्या कानाला असं झालं असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा कोर्स विचारात घेतात आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकी सुधारायची शक्यता जास्त, पहिले दोन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. नंतर त्याचा उपयोग झपाट्याने कमी होत जातो. मी अकराव्या दिवशी पोचले, थोडं ऐकू परत आलं, सगळं नाही. लवकर गेले असते तर किती आलं असतं हे आता कोणीच सांगू शकत नाही.

घरी अंदाज घ्यायचा तर फोन आधी एका कानाला लावा मग दुसऱ्या, तोच माणूस तेच बोलतोय, फरक किती वाटतो बघा. तोंड बंद करून गुणगुणूनही बघता येतं. आवाज दडे बसलेल्या कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ किंवा सर्दीसारखं बाहेरचं काहीतरी असतं, आणि तो चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची शंका घ्यायची. हा फक्त अंदाज आहे, दोन्ही वेळा कान दाखवायचाच आहे.

इथे हमखास होणाऱ्या चुका. कानात कोमट तेल, लसणाचं तेल, कांद्याचा रस, काहीही घालायचं नाही, पडद्याला भोक असेल तर ते आत जातं, आणि आतल्या कानापर्यंत तर तेल पोचतच नाही. कापसाच्या काड्या नाहीत. मेडिकलमधून न विचारता ड्रॉप नाहीत. मला आधी जवळच्या दवाखान्यात मळाचे ड्रॉप देऊन आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं, कानात बॅटरीचा उजेड टाकून बघितलंच नाही. कान न बघता कोणी ड्रॉप दिले तर तिथून उठून दुसरीकडे जा.

२. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

डॉक्टरकडे वेळ कमी असतो आणि आपण घाबरलेले असतो, अर्धं विसरतो. एका कागदावर लिहून न्या आणि एक साधी फाइल करा:

- कधी सुरू झालं, तारीख, त्याआधी काय झालं होतं (वाजवणं, फटाका, कारखाना, सर्दी, विमान, डोक्याला मार)
- कुठल्या कानात, आवाज कसला, सतत की येऊन जाऊन
- आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का, हे मनगटावर बोट ठेवून बघा आणि आवर्जून सांगा
- जबडा आवळला, मान वळवली तर आवाज बदलतो का
- कुठले आवाज सहन होत नाहीत आणि नक्की काय होतं: नुसता मोठा वाटतो, की दुखतं, की आत फडफडल्यासारखं होतं
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, फक्त नावं नाहीत
- आधीच्या ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट असेल तर तो, बीपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट
- आधारकार्ड, आणि सरकारी हॉस्पिटल असेल तर केसपेपरसाठी सकाळी लवकर निघायचं मनाने ठरवून जा

गोळ्यांची पाकिटं का, तर काही औषधं स्वतःच कानाला बाधतात. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, क्विनिन, लघवी व्हायची काही औषधं, मोठ्या डोसमधलं ॲस्पिरिन. पण हे वाचून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, टीबीची किंवा हृदयाची तर नाहीच नाही. फक्त विचारा की याला पर्याय आहे का. आणि यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्या सुद्धा, गेल्यावर पहिल्यांदा सांगायचं की माझ्या आतल्या कानाला इजा आहे.

कुठे जायचं? ईएनटी (कान-नाक-घसा तज्ज्ञ) आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) दोघं जिथे आहेत तिथे गेलं तर हेलपाटे वाचतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, ईएनटी विभाग असतो. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, खास ऐकण्याबोलण्याच्या त्रासासाठीच, तिथे तपासणी आणि कानाचं मशीन दोन्हीचं काम होतं. खासगीत गेलात तर ऑडिओलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मशीनच्या दुकानात मोफत तपासणीचा बोर्ड असतो तिथे जाऊन निदान करून घेऊ नका, तिथलं काम मशीन विकणं हे आहे.

३. टेस्ट कुठल्या, आणि टेस्टच्या खोलीत कशी काळजी घ्यायची

प्युअर टोन ऑडिओमेट्री: बंद खोलीत हेडफोन लावून बीप ऐकायच्या आणि बटण दाबायचं. शिट्टी आणि बीप यात गोंधळ होतो, ते आधीच सांगा, म्हणजे सलग बीपऐवजी तुटक बीप देतात, ती वेगळी ओळखू येते.

टिम्पॅनोमेट्री: पडद्याच्या हालचालीची, दाब दिल्यासारखं वाटतं, एवढंच.

ओएई: त्या केसवाल्या पेशी काम करतायत का याचा अंदाज येतो. आपण काही करायचं नसतं, गप्प बसायचं.

बेरा: नसेची टेस्ट, डोक्याला तारा चिकटवतात.

एमआरआय: सगळ्यांना लागत नाही. शिट्टी एकाच कानात असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात फरक जास्त असेल तर नसेवर गाठ नाही ना हे बघायला करतात, ती बहुतेकांना नसते, आणि असली तरी सहसा कॅन्सरची नसते. आवाज नाडीबरोबर येत असेल तर रक्तवाहिन्या बघायला वेगळा स्कॅन लागतो, आणि हा प्रकार टाळायचा नाही.

आता महत्त्वाचं. तुम्हाला आवाज सहन होत नसतील तर काही टेस्टच त्रास देतात. टिम्पॅनोमेट्रीच्या जोडीने रिफ्लेक्सची टेस्ट करतात, त्यात मोठे बीप थेट कानात सोडतात. मला कोणी विचारलंच नाही, आणि नंतर तीन आठवडे डावा कान जास्त दुखत राहिला. आत जायच्या आधी स्पष्ट म्हणा, "मला आवाज सहन होत नाही, रिफ्लेक्स आत्ता गरजेची आहे का, नसेल तर नको, असेल तर हळू चढवा आणि मी हात वर केला की थांबवा." बेराच्या क्लिकबद्दलही हेच बोला. कुठल्या आवाजाला त्रास सुरू होतो हे मोजायची वेगळी टेस्ट असते, ती हळूहळू चढवत करतात आणि पुढे सुधारणा बघायला फार कामी येते. एमआरआय तर ठाकठाक करणारं मशीन आहे, आत जाताना फोमचे प्लग आणि वरून इअरमफ दोन्ही मागून घ्या, आणि मध्येच बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा आधी दाबून बघा.

सोबत २५ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात, टीएचआय नावाची, हो ला ४, कधीकधी ला २, नाही ला ०, एकूण १०० पैकी. तिची कॉपी फाइलमध्ये ठेवा. शिट्टीचा आवाज मोजण्यापेक्षा ती आपल्याला किती छळते हे त्यातून कळतं, आणि बदल होतो तो तिथेच. माझा आकडा पहिल्यांदा ७२ होता, दोन वर्षांनी २६.

४. रिपोर्ट कसा बघायचा

ऑडिओमेट्रीच्या कागदावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडून उजवीकडे जाताना आवाज जाड ते बारीक होत जातो, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली जाताना आवाज वाढत जातो, म्हणजे खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. सगळ्या खुणा २५ डेसिबलच्या रेघेच्या वरच्या बाजूला, म्हणजे २५ पेक्षा कमी आकड्यावर असतील तर मोठ्या माणसांसाठी साधारण ठीक मानतात. मोठ्या आवाजाने इजा झाली असेल तर बऱ्याचदा ४००० च्या आसपास रेघ खड्ड्यासारखी खाली जाते आणि ८००० ला परत थोडी वर येते. माझ्या डाव्या कानात तो खड्डा आहे, आणि माझी शिट्टीही साधारण त्याच पट्टीत आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला आणि "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलं तर खचू नका. ही टेस्ट ८००० पर्यंतच बघते, आपले कान तरुणपणी त्याच्या बरंच पुढे ऐकतात. शिवाय पेशी आणि नस यांच्या जोडांना इजा असेल तरी शांत खोलीतल्या बीप ऐकू येऊ शकतात. नॉर्मल रिपोर्टवाले शिट्टीचे पेशंट भरपूर आहेत. रिपोर्टचा अर्थ एवढाच की मशीन लावायची गरज नाही.

५. औषधं, मशीन आणि पैसे जिथे जातात ती ठिकाणं

सरळ सांगते, आतल्या कानाच्या जुन्या इजेमुळे आलेली शिट्टी कायमची बंद करणारी गोळी आज उपलब्ध नाही. सुरुवातीच्या दिवसातलं स्टेरॉइड वेगळं, ते वर सांगितलं. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची चिठ्ठी भरपूर मिळते, पण अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही शिट्टीसाठी देऊ नयेत असंच म्हटलंय. मी गिंकोवर आठ महिने घालवले. "तीन महिन्यात गॅरंटी" असं जिथे लिहिलेलं असेल, मग ते कुठल्याही पॅथीचं असो, तिथे पैसे देऊ नका.

मग मदत कशाने होते? ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने. त्याने मेंदूला हरवलेले आवाज परत मिळतात आणि शिट्टी मागे पडते, बऱ्याच जणांना यानेच फरक पडतो. पण आवाज सहन होत नसतील तर त्या यंत्राची वरची मर्यादा खाली सेट करून घ्यायची, आणि विकत घ्यायच्या आधी दोन आठवडे ट्रायल मागायची. दुसरं म्हणजे सीबीटी, मानसोपचारातली बोलण्याची पद्धत, शिट्टीच्या त्रासावर सगळ्यात चांगला पुरावा याचाच आहे. मला आधी राग आला होता, की कान दुखतोय आणि तुम्ही मला मानसोपचाराला पाठवता. नंतर कळलं की शिट्टी ऐकू आली की छाती धडधडते, धडधडलं की शिट्टी जास्त ऐकू येते, हे चक्र कानात नाही डोक्यात फिरतं आणि तोडता येतं ते तिथेच. जबडा आवळून शिट्टी बदलत असेल तर दातांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा, काही जणांचं मूळ तिथे निघतं.

६. रात्र कशी काढायची

पहिले तीन महिने मी खोली पूर्ण बंद करून, पंखासुद्धा बंद करून झोपायचे, की आवाज नको. ही माझी सगळ्यात मोठी चूक. शांततेत शिट्टी मोठी होते, आणि मेंदू अजूनच कान लावून बसतो.

खोलीत काहीतरी हलका, सलग, कंटाळवाणा आवाज ठेवा. पंखा पुरतो. नाहीतर फोनवर पावसाचा आवाज, स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. व्हॉल्यूम असा ठेवायचा की तो आवाजही ऐकू येतोय आणि मागे शिट्टीही थोडी ऐकू येतेय. शिट्टी पूर्ण झाकायची नाही, कारण झाकलेल्या आवाजाची मेंदूला सवय होत नाही. रात्रभर कानात इअरफोन घालून झोपू नका. रात्री जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून मंद दिव्यात काहीतरी साधं काम करा, मी शेंगा सोलायचे, खरंच, आणि परत आडवं व्हा.

दिवसातून दहादा "आज किती आहे" हे तपासणं बंद करा. डायरी आठवड्यातून एकदाच: झोप किती, त्रास दहापैकी किती, कुठला आवाज सहन झाला.

चहा-कॉफी सगळ्यांनी सोडायलाच पाहिजे असं नाही, एकदम सोडली तर डोकं दुखून उलट त्रास होतो. झोप उडत असेल तर दुपारनंतरची बंद करा.

७. आवाजांशी परत ओळख करून घ्यायची

हा भाग सगळ्यात अवघड. आवाज टोचतो म्हणून आपण प्लग घालतो, बरं वाटतं, मग स्वयंपाकघरात घालतो, मग घरभर, मग झोपताना. मेंदूला वाटतं आवाज अजून कमी झाला, तो व्हॉल्यूम अजून चढवतो, आणि दोन महिन्यांनी चमचा पडला तरी जीव जातो. मी इथपर्यंत गेले होते. आई फुलके लाटायची तर पोळपाटाची खुटखुट नको म्हणून खाली पंचा घालायची. तिने ते प्रेमाने केलं आणि मीही करू दिलं, पण त्याने मी अजून आत गेले.

म्हणून नियम असा: धोक्याच्या आवाजात प्लग घालायचाच, आणि साध्या घरगुती आवाजात घालायचा नाही. मधलं अंतर हळूहळू चालायचं.

मी ऑडिओलॉजिस्टच्या मदतीने पायऱ्या केल्या. पहिले दोन आठवडे दिवसभर मागे अगदी हलका पावसाचा आवाज, बाकी काही नाही. मग नळाचं पाणी, बादलीत पडणारं, दहा मिनिटं. मग फोडणीचा चर्र आवाज, आधी स्वयंपाकघराच्या दारातून, आठवड्याने ओट्याजवळून. मग भांडी, पण ती मी स्वतः लावायची. स्वतः केलेला आवाज कमी टोचतो, कारण तो कधी येणार हे माहीत असतं, हे मला फार उपयोगी पडलं. मग मिक्सर दुसऱ्या खोलीतून. कुकरची शिट्टी सगळ्यात शेवटी, पाचव्या महिन्यात, तोपर्यंत मी घरच्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की शिट्टी व्हायच्या आधी हाक मारा.

एखाद्या पायरीला त्रास झाला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरला तर पायरी बरोबर आहे. दोन-तीन दिवस राहिला तर एक पायरी खाली या, पण सगळं सोडून परत बंद खोलीत जाऊ नका. ज्यांना आवाजाने खरंच कानात भाजल्यासारखं दुखतं आणि ते दिवसेंदिवस राहतं, त्यांनी हे एकट्याने करू नये, त्यांचा वेग खूप हळू ठेवावा लागतो.

अजून एक फरक ओळखा. फक्त ठराविक आवाजांचा, जसं कोणी मचमच खाणं, राग येत असेल, मग ते कितीही हळू असो, तर तो वेगळा प्रकार आहे, मिसोफोनिया, त्याचे उपाय वेगळे.

८. प्लग कुठले आणि घालायचे कसे

दोन प्रकारचे घ्या. फोमचे, स्वस्त, फटाके आणि मिरवणुकीसाठी. आणि फिल्टरवाले, संगीतकार वापरतात ते, आवाज सगळ्या पट्टीत सारखा कमी करतात त्यामुळे बोलणं कळतं, लग्न, सिनेमा, लोकलसाठी. कापसाच्या बोळ्याचा जवळजवळ काही उपयोग नाही.

फोमचा प्लग बहुतेक लोक चुकीचा घालतात, नुसता तोंडाशी ठेवतात. स्वच्छ हाताने तो वळून वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवा, फुगू द्या. नीट बसला की स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. काढताना हळूहळू पीळ देत काढा, झटका नको.

९. गणपती, लग्न, दिवाळी

कामाच्या ठिकाणांसाठी जे हिशेब वापरतात त्यात ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. म्हणजे १०० ला १५ मिनिटं. फोनवरचं मीटर तंतोतंत नसतं पण अंदाज येतो, आमच्या सरावात ते १०० च्या वरच असायचं आणि आम्ही तीन-तीन तास उभे असायचो.

उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून लांब उभं राहणं हाही उपायच आहे. पण लक्ष्मी रोडसारख्या दोन्हीकडून इमारती असलेल्या रस्त्यावर तितकं उतरत नाही, आवाज कोंडतो. डीजेच्या भिंतीसमोरून तर प्लग घालूनही जाऊ नका, गल्ली बदला. लग्नात बँडवाले आणि हॉलमधले स्पीकर कुठे आहेत बघून लांबचं टेबल धरा, दर तासाला दहा मिनिटं बाहेर या. देवळात आरतीचं घंटा-नगाऱ्याचं मशीन असेल तर आरतीच्या आधी किंवा नंतर दर्शन घ्या. सुतळी बॉम्बसारख्या आवाजाला काही सावध व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे दिवाळीत संध्याकाळी बाहेर पडताना प्लग आधीच घालून निघा.

कायदाही माहीत असू दे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत देऊ शकतं. तक्रार ११२ वर करता येते, वेळ आणि जागा नेमकी सांगा.

पथकात असाल तर, आणि हे मी मनापासून विनवते, पथकप्रमुखांशी बोला, सरावाला प्लग सक्तीचे करा. ठेका प्लगमधूनही कळतो, उलट ताशाची कडकड कमी होऊन ढोल जास्त स्वच्छ कळतो. पंधरा-सोळा वर्षांची पोरं वाजवतात हो आपल्याकडे.

१०. घरी, ऑफिसात सांगायचं कसं

त्रास दिसत नाही त्यामुळे लोकांना पटत नाही. "कान दुखतो" म्हटलं की ड्रॉप सुचवतात. मी आता असं सांगते: "माझ्या आतल्या कानाला इजा आहे, अचानक मोठा आवाज आला की मला दुखतं, तेवढं भांडं जरा हळू ठेवशील?" काय करायचं ते एकच आणि नेमकं मागितलं की लोक करतात. ऑफिसात प्रिंटर आणि पँट्रीपासून लांबची जागा मागा, ऑडिओलॉजिस्टची चिठ्ठी जोडा. कॉलवर हेडसेटचा आवाज ज्या दिवशी अचानक किंचाळतो तो दिवस टाळायचा म्हणून व्हॉल्यूम आधी शून्यावर आणून मग चढवायची सवय लावा.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल खूप जण विचारतात. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांची बोलण्याच्या पट्टीतली श्रवणहानी धरतात, ६० ते ७० डेसिबल असेल तर ऐकण्यास कमी, ७० च्या पुढे कर्णबधिर. नुसती शिट्टी किंवा आवाज सहन न होणं यात मोजलं जात नाही. ऐकूच तेवढं कमी असेल तर यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करा, आधार, फोटो, ऑडिओमेट्री लागते, पुढे सरकारी हॉस्पिटलात तपासणीला बोलावतात.

११. मन फारच खचलं तर

पहिल्या वर्षी एका रात्री मला वाटलं की हा आवाज असाच राहणार असेल तर जगायचंच नाही. असं वाटणारे आपण एकटे नसतो, आणि ते सांगायला लाजायचं नाही. टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारचा, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मी त्या रात्री ताईला उठवलं होतं, ती सकाळपर्यंत बसून राहिली, काही बोलली नाही, फक्त पंखा चालू केला. सकाळी तिनेच अपॉइंटमेंट घेतली.

आता माझी शिट्टी आहेच, हे लिहितानाही आहे, पण दिवसातले कित्येक तास तिची आठवण नसते. वर्षातून एकदा, शक्यतो जून-जुलैमध्ये, सराव सुरू व्हायच्या आधी ऑडिओमेट्री करून घेते, टेस्टच्या आधी दोन दिवस मोठा आवाज टाळून, आणि मागच्या वर्षीचा कागद सोबत नेते, म्हणजे तिथेच दोन्ही रेघा शेजारी ठेवून बघता येतात.